कैलासचा समोरचा दात

मे महिन्याच्या भर दुपारी तो माझ्या बेलवलीच्या दातांच्या क्लिनिकमध्ये आला, तोंडावर रुमाल धरून. रुमाल काढला तर समोरचा एक दात गायब.

"मारामारी?" मी विचारलं.

"नाही डॉक्टर. आइस हॉकी."

बाहेर डांबर वितळत होतं, आणि हा चिखलोलीचा कैलास मला बर्फावरच्या हॉकीच्या गोष्टी सांगत होता. म्हणे दुबईच्या एका मॉलमध्ये बर्फाच्या रिंकवर कामाला होता, तिथेच खेळायला शिकला. आता दर सीझनला नवा देश, नवा छोटासा क्लब. मी संशयी आहे, आधीच सांगून ठेवते. भाजीवाल्याने फुकट दिलेली कोथिंबीरही मी उलटीपालटी करून बघते.

"दर वर्षी नवा क्लब? का, हाकलतात?"

"कधी हाकलतात, कधी क्लबच बंद पडतो. मग मी पुढच्याला फोन लावतो." तो हसला. त्या हसण्यात एक दात कमी होता, तरी ते मला आवडलं... आणि तेच खटकलं.

पक्का दात मात्र नको म्हणाला. "परत फुटेल. खेळ सोडेन त्या दिवशी बसवायला तुमच्याकडेच येतो."

मग त्याची हिरडी रोज दुखायला लागली. हिरडीला काहीही झालं नव्हतं. एका संध्याकाळी तो ताडगोळे घेऊन आला आणि मोबाइलवर त्याच्या मॅचचा व्हिडिओ दाखवू लागला.

"हेल्मेटमध्ये कोणीही असू शकतं," मी म्हटलं.

"आणि ही जर्सी?"

"अशा जर्सी उल्हासनगरात ढिगाने शिवून मिळतात."

"मग तुझा विश्वास बसायला मी काय करू?"

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. मी खाली बघत म्हटलं, "ताडगोळा सोल."

शेवटी घरी सांगितलं, लग्न याच्याशीच करणार. बाबा फ्लॅट बघायच्या निमित्ताने चिखलोलीला जाऊन मुलाची चौकशी करून आले. "भिवंडीला कोल्ड स्टोरेजमध्ये मॅनेजर आहे तो. ज्याला विचारलं तो हेच सांगतो," म्हणाले.

म्हणजे सगळं खोटं. मी क्लिनिकच्या बाथरूममध्ये जाऊन रडले, मग त्याला फोन करून वाट्टेल ते बोलले. अर्ध्या तासात तो आला, सोबत त्याची आई, गोजरबाई.

"पोरी, ते मीच सांगत फिरले," त्या म्हणाल्या. "हॉकीवाल्याला मुलगी कोन देनार? बर्फात तर बर्फात, नोकरी तरी वाटावी."

मी हसत सुटले. बाबांना सांगितलं, तर त्यांना काही हसू आलं नाही.

पुढच्या आठवड्यात कैलास गुपचूप येऊन खुर्चीत बसला. "पक्का दात बसव."

"असा अचानक? कुठे मुलगी बघायला चाललायस?"

"असंच."

"कैलास, नव्या क्लबचा करार आलाय ना?"

तो वरच्या दिव्याकडे बघत म्हणाला, "तुझे बाबा भेटले. म्हणाले, खेळ सोड, मग माझ्या राजसीचं बघू."

"आणि तू हो म्हणालास?"

"क्लब गेला तर दुसऱ्याला फोन लावता येतो. तू गेलीस तर..."

माझे डोळे भरून आले, आणि बाबांचा असा राग आला की बस. मी त्याच्या दाताचं माप घेतलं. त्या रात्री बाबांशी कडाक्याचं भांडले. तीन दिवस ते बोलले नाहीत. चौथ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "त्या हॉकीचे नियम काय असतात गं?"

दात तयार झाला, मी तो बसवला. कैलासने आरशात बघितलं, जिभेने चाचपला, आणि तो हातात आला.

"हा तर निघतो."

"निघणारच. लग्नाच्या फोटोपुरता घालायचा. सीझनला जाताना काढून माझ्याकडे डबीत ठेवून जायचा."

"तुझ्याकडे कशाला?"

"म्हणजे न्यायला परत यावं लागेल," मी म्हटलं. "मी संशयी आहे."