कासूच्या बांधाजवळ टाळ वाजला तेव्हा

ही गोष्ट खरी आहे. माझ्या आईच्या बाबतीत घडलेली आहे, आणि माझी आई खोटं बोलत नाही.

अर्धी मी तिच्या तोंडून ऐकली. अर्धी तिच्या काकांच्या, दाजींच्या तोंडून. वारायच्या आठ दिवस आधी त्यांनी मला एकटीला खाटेजवळ बसवलं आणि भिंतीकडे तोंड करून सगळं सांगितलं.

एक आधीच सांगते. या गोष्टीत रात्र नाही.

टळटळीत दुपार होती. १९८० सालचा फाल्गुन. पेणहून नागोठण्याकडे जाताना कासूच्या अलीकडे रस्त्याकडेच्या शेतांपलीकडे एका ठिकाणी खाडीचा बांध दिसतो, तिथे हे घडलं.

आणि जेवत असाल तर आधी जेवून घ्या. मग वाचा.

त्या साली पेणमध्ये काळुरामबुवांचं कीर्तन झालं. बुवांचा गळा असा की ऐकणाऱ्यानं घरदार विसरावं. त्या दिवशी उत्तररंगात त्यांनी पुराणातली कथा लावलीच नाही. रक्तपितीवर, म्हणजे कुष्ठरोगावर, बोलले. म्हणाले, "हा देवाचा कोप नाय, मायबापहो. हा जंतू हाय. मोठमोठे डाक्तर नवं औषध शोधतायत. त्यांच्या त्या कामासाठी आपण चालायचं. पेण ते रोहा. दोन दिवस. वाटेतल्या गावांत झोळी फिरवायची. देवासाठी एवढं चालता, माणसासाठी चाला की!"

माझी आई, सरू, तेव्हा एकोणीस वर्षांची. तिनं तिथल्या तिथे हात वर केला.

"दाजी, आपण दोघं जायचं."

दाजींच्या हातातला टाळ थांबला.

दाजी म्हणजे पेणमधले नावाजलेले टाळकरी. त्यांचा टाळ नसेल तर बुवा उभे राहत नसत. माणूस मायाळू, देवभोळा. सरूला त्यांनीच वाढवलं होतं. तिची आई बाळंतपणात गेलेली. बाप विठू, ज्याला ती आबा म्हणायची, तो दाजींचा धाकटा भाऊ. तो मुंबईला गिरणीत गेला आणि तिकडेच वारला, असं तिला सांगितलेलं.

ते खोटं होतं.

विठूला रक्तपिती झाली होती.

दाजी तेव्हा खाडीकाठच्या गावात राहायचे. मृग लागला तशी मिठागरं बंद झाली, कामगार गेले, बांधाखालची खोपटी रिकामी पडली. दाजींनी एका पहाटे भावाला तिथे नेऊन ठेवलं. दवाखाना होता, गोळ्याही मिळत होत्या. पण दवाखान्यात नेलं तर गावाला कळणार. गावाला कळलं तर सरूला उद्या कोण करून घेणार?

रोज दुपारी दाजी बांधावर जायचे. एका दगडावर भाकरी ठेवायचे. हाक मारायची नाही, कोणी ऐकेल. म्हणून टाळ वाजवायचे.

तीन सावकाश. एक झटकन.

आणि मागे न बघता निघून यायचे. टाळ वाजला की विठू जेवायला बाहेर यायचा.

हे तेरा वर्षं दाजींच्या पोटात होतं. गाव सोडून ते पेणला आले. एस.टी. कासूवरून जाताना डोळे मिटून घ्यायचे. सगळ्या जगाला कळलं तरी चालेल, सरूला कळता कामा नये, एवढंच मागणं ते देवाकडे मागत.

आणि आता सरूच त्यांना त्या रस्त्यानं पायी घेऊन चालली होती.

सकाळी पेणहून मंडळी निघाली. पुढे बुवा, मागे दोन रांगा. फलक, झोळी, मृदंग. गावोगाव लोक पाणी देत होते. धोंडुबाई म्हणून एक म्हातारी होती, तिची बडबड अखंड चालू. "माझे गुडघे रोह्याला पोचतील, मी मागाहून येईन," असं म्हणत सगळ्यांच्या पुढे.

वडखळपर्यंत सगळं छान होतं.

वडखळ सोडलं आणि...

वास आला.

आधी खाडीच्या चिखलाचा. तो त्या भागात असतोच. पण त्या चिखलात काहीतरी कुजलेलं होतं. गोडसर. घशाला चिकटणारं. थुंकलं तरी जाईना.

"कोणाच्या पायताणाला काय लागलंय रे?" धोंडुबाई ओरडली. "का कोणी आंघोळीचा उपास धरलाय?"

सगळे हसले. दाजी हसले नाहीत.

त्यांच्या लक्षात आलं होतं... टाळ वाजत असला की वास वाढत होता.

त्यांनी टाळ थांबवला. वास ओसरला. आणि त्या शांततेत मागून एक आवाज आला.

चप... चप... चप...

तोंड उघडं ठेवून कोणी ओलं काहीतरी चावत होतं.

दाजींनी मागे बघितलं. ते रांगेत शेवटचे होते. मागे रिकामा रस्ता. डांबरावर ऊन थरथरत होतं.

"दाजी, टाळ का थांबला?" पुढून बुवा ओरडले. "घ्या गजर! विठू माझा, विठू!"

आणि सगळी मंडळी एका सुरात त्याच नावानं गजर करू लागली. बांध समोर दिसत होता.

कासूच्या अलीकडे एका आंब्याखाली जेवणाला थांबले. शेतं कापून मोकळी. पलीकडे बांध. सगळ्यांनी फडकी सोडली. भाकरी, वालाची उसळ, कांदा, सुकट.

इतकं अन्न उघडलं, पण एक कावळा आला नाही. कुत्रं नाही. माशीसुद्धा नाही.

दाजींनी आपली शिदोरी सोडली. त्यांच्या बायकोनं, हौसाकाकूनं, पहाटे थापलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. वरची उचलली, घास मोडला, तोंडात घातला.

कचकच.

खारट.

जिभेवर काहीतरी मऊ, बुळबुळीत पसरलं. ते हातावर थुंकले. काळा चिखल होता. ओला, ताजा, खाडीचा. बोटानं बाजूला केला तर आत काहीतरी कडक लागलं.

नख होतं. माणसाच्या बोटाचं. अख्खं.

दाजींनी ते गवतात झटकलं. शिदोरीतली दुसरी भाकरी उलटली. तिच्या कडेला दात उमटले होते. त्या खाचांतून लाळेची तार लोंबत होती.

"काय झालं, दाजी?" सरूनं विचारलं.

"काय नाय. पित्त झालंय."

त्यांनी फडकं गुंडाळून मातीत दाबलं. हात पुसले. परत पुसले. धोतराला, गवताला, झाडाच्या सालीला. वास जाईना.

तेवढ्यात बुवा उठले. "चार घास खायच्या आधी पाच मिनिटं नाम घेऊया. दाजी, टाळ."

"माझा हात भरून आलाय, बुवा. आज ऱ्हाऊ द्या."

"टाळाशिवाय नाम म्हणजे मिठाशिवाय उसळ हो!"

"मी वाजवते," सरू म्हणाली आणि दाजींच्या मांडीवरचा टाळ तिनं उचललासुद्धा. "मला दाजींचा एक ठेका येतो. तो मंडळीत कधी वाजवत नाहीत. मी लहान असताना ऐकलेला. घराच्या मागं उभी राहिले की बांधावरून ऐकू यायचा."

"नको गो!" दाजी ओरडले. "सरू, तो नको..."

तीन सावकाश. एक झटकन.

चपचप थांबली.

दाजींना तेव्हा कळलं, की ती वडखळपासून एकदाही थांबली नव्हती.

समोर बांधापाशी बगळे बसले होते. एक उडाला. मग त्याच्या अलीकडचा. मग त्याच्या अलीकडचा. एकामागून एक... सरळ रेघेत... आंब्याच्या दिशेनं. जणू त्यांच्यामधून कोणीतरी पाय ओढत चालत येत होतं.

त्या रेघेत माणूस नव्हता.

दाजींनी पुढे जे केलं, ते त्यांनी ठरवून केलं नाही. हात आपोआप चालले, असं ते म्हणाले. धोंडुबाईच्या पुढ्यातली भाकरी त्यांनी उचलली. ("अहो, ती माझी!" ती म्हणाली.) झपझप शेतात उतरले. एका दगडावर भाकरी ठेवली. नाकाला उपरणं लावलं. आणि मागे न बघता परत फिरले.

तेरा वर्षांपूर्वी फिरायचे तसेच.

सरू झाडाखालून शेतात आली होती. वाटेत उभी होती.

"कोणासाठी ठेवलीत?"

"कुत्रा हाय."

"कुठाय?"

"हाय तिकडं. भुकेला हाय. चल तू."

सरू हलली नाही. त्यांच्या खांद्यावरून मागे बघत राहिली. तिचा चेहरा पांढरा पडत गेला.

"दाजी... कुत्र्यानं मला हाक मारली."

दाजींनी मागे बघितलं नाही.

"सरूबाय म्हणाला. मला सरूबाय फक्त आबा म्हणायचे."

तिथे, त्या भाताच्या खुंटांत दाजी मटकन बसले. आणि तेरा वर्षं दाबून ठेवलेलं सगळं तोंडावाटे बाहेर पडलं, ओकारी पडावी तसं. गिरणी नाही, मुंबई नाही. खोपटी. दगड. टाळ.

"आणि मग?" सरूनं विचारलं.

दाजींनी मान खाली घातली.

"श्रावणात गावात सप्ताह बसला. सात दिवस. मोठे बुवा आलेले. एवढं गोड कीर्तन मी जन्मात ऐकलं नव्हतं गो. मी टाळ धरला आणि... आज जातो, उद्या जातो. सात दिवस मी बांधावर गेलोच नाय."

"सात दिवस ते उपाशी?"

"त्याहून वाईट."

देवळातले टाळ खाडीवरून ऐकू जायचे. वीस-वीस टाळ, पहाटेपासून. टाळ वाजला की जेवण, एवढंच विठूला ठाऊक. प्रत्येक वेळी तो खोपटीतून सरपटत दगडापाशी यायचा. दगडावर काही नसायचं. परत टाळ. परत यायचा.

आठव्या दिवशी दाजी गेले तेव्हा तो दगडाला मिठी मारून पडलेला होता. पावसात चार दिवस भिजलेला. तोंड उघडं. तोंडात, घशात, थेट खोलवर... चिखल कोंबलेला. स्वतःच्या हातानं. बोटांची नखं निघाली होती.

"मला शिसारी आली गो. सख्खा भाऊ, पण मला हात लावता आला नाय. मी बांबू आणला. नाकाला उपरणं बांधलं. आणि बांबूनं ढकलत ढकलत त्याला ओहोटीच्या पाण्यात लोटला."

सरूनं दाजींकडे एकदा बघितलं. दाजी मला म्हणाले, "त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिला माझा वास आला, पोरी. माझा."

मग सरू त्यांना वळसा घालून त्या दगडाकडे चालू लागली.

"सरू! जाऊ नको! सरू!"

दगड झाडापासून फार तर शंभर पावलांवर. भर उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ती जाऊन दगडाशेजारी मांडी घालून बसली. पाठमोरी. पंगतीला बसतात तशी. दगडावरची भाकरी तिनं उचलून समोर धरली. भाकरी खाली गेली... आणि वर आली नाही.

मग तिनं वाकून जमिनीला हात लावला. हात तोंडाकडे नेला. परत वाकली.

आंब्याखाली मंडळी जेवत होती. धोंडुबाई म्हणाली, "पोरगी तिकडं एकटीच काय खातेय?" बुवा म्हणाले, "असेल काही नवस." बाकी कोणाला काही दिसलं नाही. वासही आला नाही.

दाजींना मात्र ऐकू येत होतं.

चप... चप...

दोघांचं.

थोड्या वेळानं सरू उठली. परत आली. आंब्याखाली वाटसरूंसाठी ठेवलेल्या रांजणातलं पाणी घेऊन जेवण झाल्यावर आचवतात तशी आचवली. चूळ भरली. पाणी काळं पडलं. दुसरी चूळ, तेही काळं. ओठांच्या कडांना ओला चिखल तसाच होता.

दाजींनी कसंबसं विचारलं, "काय केलंस गो?"

"जेवले."

"काय जेवलीस?"

"आबा जेवत होते तेच."

त्यानंतर वास थांबला. बगळे येऊन बसले. कुठूनसे कावळे आले आणि उरलेल्या अन्नावर तुटून पडले.

दुसऱ्या दिवशी मंडळी रोह्याला पोचली. झोळी सरूनंच डॉक्टरांच्या हाती दिली. पुढे तिचं लग्न झालं, आम्ही झालो. दाजींना तिनं शेवटपर्यंत सांभाळलं, कधी वेडंवाकडं बोलली नाही. फक्त त्यांच्या पंगतीला परत कधी बसली नाही. तिथे कोण दिसलं, कसं दिसलं, हे दाजी मरेपर्यंत विचारत राहिले. तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं. मला म्हणाली, "भूक लागली होती त्यांना. एवढंच बघितलं."

मी कीर्तनाला जाते. मला आवडतं, आणि जाणारच. देवाच्या नामात काही खोट नाही, हे मला माहीत आहे.

पण बुवा उभे राहतात, वीस टाळ एकदम वाजू लागतात, सगळे डोळे मिटून डोलतात... आणि माझं लक्ष दाराकडे जातं.

हा आवाज ऐकून या घटकेला कुठेतरी कोणी जेवायला उठलं असेल का?

मग मला तो वास येतो.

शेजारणीला विचारलं तर म्हणते, कुठे काय?