अडखळणारी चढाई

"ताई, पुन्हा अडकली!" फोनवर वहिनीचा आवाज रडवेला होता. "दुपारी क्लबची माणसं येतील. त्यांना काय दाखवू?"

ताई हातातलं काम टाकून निघाली.

तिचा धाकटा भाऊ मागच्या वर्षी बर्फाळ कड्यावरून पडून गेला. त्याच्या हेल्मेटवर कॅमेरा होता. त्याने टिपलेली ती शेवटची चढाई पाहायला आज गिर्यारोहण क्लबची मंडळी घरी येणार होती. घरात आजवर ती कुणी पाहिली नव्हती. वहिनीला धीर झाला नव्हता. आईला पाहायचीच नव्हती.

आईच्या रागाला कारण होतं. त्या दिवशी हवा बिघडली, आपण मागे फिरू म्हणालो आणि धाकट्याने ऐकलं नाही, असं जोडीदाराने सांगितलं होतं.

"आडमुठा मेला," ती म्हणायची. "डोंगर मोठा वाटला त्याला, आई लहान."

जोडीदार म्हणजे धाकट्याचा चढाईतला दोस्त. घरात सगळे त्याला त्याच नावाने हाक मारायचे. धाकटा गेल्यापासून तो दर रविवारी आईकडे जेवायला यायचा. ताई पोचली तेव्हा तो टीव्हीसमोर मामांशेजारी बसला होता. मामांचं विजेच्या वस्तूंचं दुकान होतं. घरातल्या सगळ्या फिल्म आणि फोटो साठवणारा सर्व्हर, तो कपाटावरचा काळा डबा, त्यांनीच बसवून दिलेला.

पडद्यावर बर्फाचा उतार दोन पावलं सरकला आणि थिजला. मध्ये चक्र फिरू लागलं.

"वायफाय," मामा म्हणाले. "एवढी भारी फिल्म हवेतून कशी यायची?"

ताई रेल्वेच्या सिग्नल विभागात होती. बिघाड शोधणं हे तिचं रोजचं काम. अंदाजावर ती कधी विसंबत नसे.

तिने वायफाय बाजूला ठेवून सर्व्हरपासून टीव्हीपर्यंत वायर ओढली. फिल्म अडकली. तीच फिल्म टॅबलेटवर लावली. तिथेही अडकली. मग तिने त्याच कॅमेऱ्याची एक जुनी चढाई टीव्हीवर लावली. आकाराने दुप्पट. ती पाण्यासारखी वाहिली.

"वायर चांगली, टीव्ही चांगला, सर्व्हर चांगला," ताई म्हणाली.

"मग फिल्मच खराब झाली असेल," जोडीदार म्हणाला. "ताई, कशाला जिवाला त्रास करून घेता? मी तिची छोटी आवृत्ती करून देतो. ही काढून टाकू."

ताईने लॅपटॉपवर सर्व्हरचं पान उघडलं. जुन्या चढाईपुढे लिहिलं होतं, 'थेट पाठवत आहे'. शेवटच्या चढाईपुढे मात्र 'रूपांतर करून पाठवत आहे'.

"अगं, हिची भाषा टीव्हीला कळत नाही," मामा म्हणाले. "म्हणून सर्व्हर बिचारा पळता पळता भाषांतर करतोय. दम लागणारच त्याला."

"कॅमेरा एकच. मग एकीची भाषा कळते आणि दुसरीची नाही, असं कसं?"

मामांनी डोकं खाजवलं.

ताईने फिल्म लॅपटॉपवर उतरवून घेतली. तिथे ती न अडकता चालली. कानाला हेडफोन लावून ताईने ती एकटीने पाहिली. भावाचा श्वास ऐकू येत होता. एका जागी तिने फिल्म मागे घेतली, पुन्हा पाहिली, पुन्हा मागे घेतली. मग उठून स्वयंपाकघरात आली.

"वहिनी, फिल्म सर्व्हरवर कुणी टाकली?"

"मीच. त्यांचं सामान परत आलं, त्याच दिवशी. न बघताच टाकली."

"कॅमेऱ्याचं कार्ड कुठे आहे?"

"जोडीदार भावोजींनी नेलं. जपून ठेवतो म्हणाले."

"सर्व्हरचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला, मामांना आणि भावोजींना. फोटो नीट लावून द्यायला बसले होते ना ते."

मामांना तिने बाल्कनीत गाठलं.

"मामा, तुम्ही त्या फिल्मला हात लावलात?"

"मी? मला रिमोटचे सेल बदलता येतात, फिल्मची कापाकापी नाही."

"सर्व्हरवरून पुसलेली फिल्म कुठे जाते?"

"माझ्या दुकानात मी रिकामं खोकं टाकू देत नाही, तर फिल्म टाकू देईन? पुसलेलं सगळं आतल्या एका कप्प्यात पडून राहतं. कुणाला दिसत नाही, एवढंच."

राहिला जोडीदार.

"तू पाहिलीस ही फिल्म?"

"नाही, ताई. हिंमतच झाली नाही."

"क्लबला दाखवावी का?"

"काय दाखवणार? पुढे पुढे नुसता ढग, आणि लेन्सवरचा तो थेंब. शेवटपर्यंत हलत नाही."

ताई लॅपटॉपकडे गेली. मामांनी सांगितलेला आतला कप्पा तिने उघडला.

थोड्या वेळाने तिने सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. आई तेवढी आतल्या खोलीत, दार लावून बसलेली.

"कॅमेऱ्याने लिहिलेली फिल्म टीव्हीला कळते," ताई म्हणाली. "ही कळत नाही, कारण ती कॅमेऱ्यातून आलेलीच नाही. कुणीतरी मूळ फिल्म कापली, पुन्हा जोडली आणि त्याच नावाने परत ठेवली. कुणाला फरक कळू नये म्हणून इतक्या भारी दर्जाच्या वेगळ्या भाषेत साठवली, की टीव्हीला ती कळेना. चोरी उघडी पडली ती त्या काळजीमुळे."

"कापली कशावरून?" मामांनी विचारलं.

"धाकट्याने बर्फात रोवलेल्या कुऱ्हाडीची सावली डावीकडे पडलीय. पापणी लवते न लवते तोच ती हातभर सरकते. सूर्य काही उड्या मारत नाही, मामा. मधला वेळ गायब आहे."

वहिनीने हळूच विचारलं, "कुणी केलं?"

"मामांना कापाकापी येत नाही. वहिनी, तुम्ही केली असतीत, तर आज ही दुरुस्त करायला मला बोलावलं नसतंत." ताई जोडीदाराकडे वळली. "लेन्सवरचा थेंब फक्त फिल्ममध्ये दिसतो. कड्यावर तू त्याच्यापासून दोरीभर लांब होतास. न पाहिलेल्या फिल्ममधला थेंब तुला कसा माहीत?"

जोडीदाराने लॅपटॉपकडे हात नेला. ताईने तो बाजूला ओढला.

"पुसलेलं मूळ मला सापडलंय," ताई म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

फिल्म एकदाही अडखळली नाही. हॉलभर वारा घोंगावला. मग धाकट्याचा आवाज आला.

"हवा बघ. चल, मागे फिरू. आई वाट बघतेय."

"घाबरलास तर तू जा." हा जोडीदाराचा आवाज होता. "मी शिखर गाठल्याशिवाय येणार नाही."

बराच वेळ वाद चालला. शेवटी धाकट्याचा थकलेला आवाज आला, "एकटा कसा सोडू तुला? थांब, आलो."

आतल्या खोलीचं दार उघडलं होतं. आई चौकटीला धरून उभी होती. ती कधी आली, कुणालाच कळलं नाही.

"तो गेलाच होता, ताई," जोडीदार पुटपुटला. "खरं सांगून परत आला असता का? मला लोकांत जगायचं होतं."

"मग तू जगायचंस," ताई म्हणाली. "तुझा हट्ट त्याच्या नावावर का घातलास? भाऊ गेला, तेव्हा मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले रे!"

आई पुढे आली.

"दर रविवारी मी त्याला शिव्या दिल्या," ती म्हणाली. "तुला वाढता वाढता. तू जेवत होतास. वर म्हणायचास, 'जाऊ द्या आई, त्याचा स्वभावच तसा होता.'"

दाराची बेल वाजली. क्लबची माणसं आली होती. जोडीदार गडबडीने उठला.

"खाली बस," आई म्हणाली. "त्यांना आम्ही काही सांगणार नाही. तू सांगायचंस."

"आई, माझं जरा ऐका..."

"वर्षभर तुझंच ऐकलं."

वहिनी दार उघडायला गेली. आईने खुर्ची ओढून टीव्हीच्या अगदी जवळ घेतली.

"लाव गं पुन्हा," ती ताईला म्हणाली. "मला माझ्या मुलाचं ऐकायचंय."