नजरेच्या कडेला

नमिताने घरी येऊन नवा लॅपटॉप उघडला, आणि पडद्यावर भलत्याचंच नाव झळकलं — कुलदीप.

त्या दिवशी महापेच्या ऑफिसात सगळ्यांना नवे लॅपटॉप मिळाले होते. आयटीतल्या रोहनने मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, की यांच्या प्रोसेसरमध्येच आता एआयसाठी वेगळा भाग बसवलाय. इंटरनेट नसलं तरी हा ऐकेल, वाचून दाखवेल, समोर काय आहे ते सांगेल. पिशव्या मात्र सगळ्यांच्या एकसारख्या काळ्या. गर्दीत अदलाबदल झाली असणार.

तिने नंबर शोधून फोन लावला. "तुमचा लॅपटॉप माझ्याकडे आलाय."

"मग माझ्याकडचा तुमचा असणार," पलीकडून शांत आवाज आला. "मघापासून पासवर्ड टाकतोय. म्हटलं, एआयवाला आहे... मालक पसंत पडला नसेल."

नमिता खुदकन हसली. अनोळखी माणसाच्या बोलण्यावर असं हसू यायची तिला सवय नव्हती.

संध्याकाळी तो सीवूड्सच्या मॉलबाहेर आला. उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पिशव्या बदलून झाल्या, दोन वाक्यं बोलून झाली, पण तो काही तिच्याकडे बघेना. नजर सारखी तिच्या डाव्या कानापलीकडे. शेवटी नमिताने वळून पाहिलं. मागे फक्त कणीसवाला होता.

"कणीस हवंय का?"

"अं? नाही..."

"मघापासून तिकडेच बघताय म्हणून विचारलं. मी इकडे आहे."

तो ओशाळला. "माहितीये," हळूच म्हणाला. "बरोबर माहितीये मला."

नमिता तिशीला टेकली होती. तिला बघायला आलेल्या मुलांपैकी एकानेही तिला धड पाहिलं नव्हतं. कुणी पोह्यांकडे पाहिलं, कुणी मोबाइलकडे, एकाने तर हॉलच्या टाइल्सकडे. हाही त्यातलाच, असं म्हणत ती घरी गेली. पण तो आवाज काही कानातून जाईना.

पुढच्याच आठवड्यात दोघं एका कामावर आले. बहुतेक दिवस घरूनच काम, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ व्हिडिओ कॉल. आणि पडद्यावरचा कुलदीप वेगळाच निघाला! थेट तिच्या डोळ्यांत बघायचा. ती बोलत असताना त्याची नजर जराही हलायची नाही. असं... जणू जगात दुसरं बघण्यासारखं काही उरलंच नाही.

"टक लावून काय बघतोस?" एकदा तिने धीर करून विचारलं.

"तुला."

"काम कर."

"कामच करतोय. अवघड काम आहे, वेळ लागतो."

तिने चेहरा फिरवून पाण्याची बाटली शोधल्यासारखं केलं. बाटली समोरच होती.

सकाळच्या मीटिंगआधी ती काजळ घालू लागली. आईच्या, म्हणजे अरुणाताईंच्या, नजरेतून ते सुटलं नाही. "घरूनच काम ना गं? मग काजळ कुणासाठी?"

"कॅमेऱ्यासाठी."

"कॅमेऱ्याचं नाव काय?" आई म्हणाली. नमिता लाजून लाल झाली.

पण ऑफिसात जायचा दिवस उजाडला की सगळं उलटं. कॅन्टीनमध्ये समोरासमोर बसूनही त्याची नजर पुन्हा तिच्या कानापलीकडे, खांबाकडे, कुठेतरी. पडद्यावर इतका जवळचा असणारा माणूस समोर आला की परका का होतो? आपल्याकडे प्रत्यक्षात इतकंही बघवत नाही का? घरी येऊन ती आरशासमोर उभी राहायची आणि उत्तर न मिळताच दिवा घालवायची.

मग एका सकाळी तो कॉलवर आला, आणि त्याचे डोळे जागेवर नव्हते.

"काल दिवसभर तुझीच आठवण येत होती," तो म्हणत होता — आणि बघत होता बाजूला. त्या खोलीत दुसरं कुणीतरी बसलं असावं तसं.  नमिताने कॉल तोडला.

दुपारी तिचाही कॅमेरा नीट चालेना म्हणून तिने रोहनला फोन केला. तो हसायलाच लागला. "सकाळच्या अपडेटने सगळ्यांचं नजरेचं सेटिंग बंद पाडलंय. ते लावलं की समोरचा कुठेही बघत असू दे, लॅपटॉपमधली एआयची चिप त्याचे डोळे सरळ करून दाखवते. भारी आहे की नाही?"

नमिताने फोन खाली ठेवला. इतके महिने ज्या डोळ्यांना ती आपलं म्हणत आली, ते प्रोसेसरने रेखाटून दाखवले होते.

तिने त्याला नेरुळच्या खाडीलगतच्या तळ्यावर बोलावलं. ओहोटी होती, चिखलाचा खारट वास सुटला होता आणि दूरवर फ्लेमिंगो उभे होते, गुलाबी, निवांत.

"दुसरी कोण आहे?" तिने सरळच विचारलं. "नाव नको सांगूस. फक्त आहे म्हण, मी जाते."

"कोणी नाही."

"मग माझ्याकडे बघत का नाहीस?"

 तो एकेक शब्द तोलून बोलू लागला. "माझ्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग मरत चाललाय, नमिता. जिथे सरळ बघतो, तिथेच काही दिसत नाही. कडेचं दिसतं. तुझ्याकडे बघितलं ना... की तू जातेस. म्हणून जरा बाजूला बघतो. मग येतेस."

नमिता एक पाऊल जवळ सरकली.

"ऑफिसात कुणाला ठाऊक नाही. अक्षरं हा लॅपटॉप कानात वाचून दाखवतो म्हणून नोकरी टिकून आहे. आणि ते नजरेचं सेटिंग... तुला फसवायचं नव्हतं गं. तुला कळावं इतकंच, की मी बघतोय. बघतच होतो."

"बरं होईल?"

"नाही. वाढतंय. रस्ता दिसत राहील, गाड्या दिसतील. चेहरे जाणार. आरशातला माझा गेला; दाढी आता चाचपून करतो."

"आणि माझा?" तिचा आवाज कापला.

"आहे अजून. थोडा."

नमिताने हात वर केला, त्याची हनुवटी धरली आणि त्याचा चेहरा हलकेच फ्लेमिंगोंकडे वळवला. "बघ मग," म्हणाली. "पोटभर बघ."

तो बघत राहिला. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पुसायचं कुणालाच सुचत नव्हतं.

त्या हिवाळ्यात ते भेटत राहिले. प्रेमात माणसं अंधार शोधतात. हे दोघं उजेड शोधायचे. "अशी इकडे ये, उन्हात," तो म्हणायचा, आणि ती डोळे मिचकावत उभी राहायची. पण उजेडही हळूहळू पुरेना. एकदा वाशी स्टेशनबाहेर तो एका परक्याच मुलीशी हसून बोलू लागला. तिचा कुर्ता नमितासारखा होता, एवढंच. ती मुलगी रागाने बाजूला झाली. नमिता चार पावलांवर उभी होती. त्यानंतर ती लांबूनच त्याला हाक मारत यायला लागली. दोघांनी त्यावर थट्टा केली. पण प्रत्येक हाकेनंतर त्याची मान वळेपर्यंत ती जागीच थांबायची.

घरी कळलं तेव्हा आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. नमिताच्या केसांना तेल लावता लावता एवढंच म्हणाली, "पोरगा गुणाचा आहे, दिसतंय मला. पण तू थकशील तेव्हा तुझं थकलेलं तोंड त्याला दिसणार नाही, बाळा. ते कुणाला तरी दिसावं लागतं."

कुलदीपचं घर कोपरखैरण्याला माथाडींच्या चाळीत. वडील, आप्पा, साताऱ्याकडचे. एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गोणी वाहून पाठ वाकलेली. बायको कधीच वारलेली. नमिता पहिल्यांदा गेली तेव्हा आप्पांनी स्वतः चहा टाकला आणि तिला स्वयंपाकघराच्या दारात थांबवलं.

"पोरी, तू लाखात एक हाईस," ते दबक्या आवाजात म्हणाले. "पर येक इचारतो. माजं पोरगं तुला आवडतंय, का त्याची कीव येतीया? कीव आसंल तर आत्ताच जा. कीव लई दिस टिकत न्हाय. आन् ती सरली, का त्यो मोडंल."

"तसं नाही, आप्पा..." ती म्हणाली. पण म्हणताना आपलं आपल्यालाच नीट ठाऊक नाही, हे तिला त्या क्षणी कळलं. प्रेम कुठे संपतं आणि कीव कुठे सुरू होते, ती रेघ तिला सापडेना. रडू आवरत ती बाहेरच्या खोलीत आली.

कुलदीप लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. खुशीत होता. "थांब, तशीच उभी राहा. आज यालाच विचारतो, तू कशी दिसतेस. मराठीत सांगायला लावलंय मी याला." त्याने कॅमेरा तिच्याकडे वळवला.

लॅपटॉप सपाट आवाजात बोलला, "निळ्या कुर्त्यातली एक तरुणी दारात उभी आहे. ती हसत आहे."

"ऐकलंत आप्पा? हसतेय!" कुलदीपचा चेहरा उजळला.

नमिताचे ओठ हुंदका दाबताना ताणले गेले होते, दात दिसत होते. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिनेही हसायचा प्रयत्न केला, खोटं का होईना, त्याच्यासाठी. पण घशातून निघाला तो हुंदकाच.

कुलदीपच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. "तू... रडतेयस?"

"नाही रे."

"नमिता."

"हो."

त्याने लॅपटॉप बंद केला. कितीतरी वेळ त्या बंद झाकणावर हात ठेवून बसून राहिला.

मे महिन्यात त्याने नोकरी सोडली. पुण्यात दृष्टी गेलेल्यांना शिकवणारी एक संस्था होती, तिथे जायचं ठरवलं. पांढरी काठी, ब्रेल, सगळं पहिल्यापासून.

"मी येते ना पुण्याला," नमिता म्हणाली. "मी घरच्यांची समजूत घालेन. लग्न करू."

"नको."

"माझ्यावर उपकार करतोयस?"

"नाही. स्वार्थ आहे माझा." त्याचा आवाज फुटला. "तू रोज समोर असशील, आणि मला दिसणार नाहीस. तू रडशील, आणि मी यंत्राला विचारेन, ही हसतेय का म्हणून. आंधळं होणं सोसेन मी, नमिता. तुझ्याजवळ राहून आंधळं होणं नाही सोसणार."

ती भांडली, रागावली, तिने त्याच्या छातीवर मुठी मारल्या. तो हलला नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, भांडून भांडून दमल्यावर तिच्या मनाच्या अगदी तळाशी कुठेतरी किंचित सुटल्यासारखं वाटलं. त्याची तिला इतकी लाज वाटली, की तिने पुन्हा लग्नाचं नाव काढलं नाही.

जायच्या दिवशी ती वाशीला हायवेवर आली. आप्पांचा निरोप त्याने घरीच घेतला होता. ऊन रणरणत होतं. एसटीची वाट बघत दोघं उभे राहिले, आणि कुलदीप म्हणाला, "जरा अशी ये. उन्हात."

ती उन्हात उभी राहिली. त्याने मान थोडी वळवली, आणि तिच्या कानापलीकडे, रस्त्याच्या पल्याड उभ्या असलेल्या ट्रककडे पाहत राहिला. पापणी न लववता. नमिताने चेहऱ्यावर आलेली बट मागे सारली. रडायचं नाही, असं ठरवून आली होती. नाही रडली.

शेजारी बोचकं घेऊन बसलेली एक बाई कधीची बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "जाऊ दे त्याला, बाई," ती नमिताला म्हणाली. "इतकी जीव टाकतीयास, आन् त्यो बघतबी न्हाय तुज्याकडं."

"बघतोय, मावशी," नमिता म्हणाली. "बघतोय तो."

एसटी आली. तो चाचपत चढला, खिडकीपाशी बसला. गाडी हलली तरी त्याचं तोंड तिच्या बाजूच्या एका टपरीकडेच होतं, आणि नमिता जागची न हलता, पदपथाच्या कडेला, भर उन्हात उभी होती.