बेटावर दोघंच

शेजारच्या आश्लेषाने आज मला हे सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. रचून सांगणारं माणूस ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतं, पटतंय का ते. तिने एकदाही मान वर केली नाही. म्हणून मी हे खरं मानते. तुम्ही तुमचं बघा.

रात्र नव्हती. स्मशान नव्हतं. मोहालीतली सोसायटी, चौथा मजला, गेल्या जानेवारीतल्या दुपारी. धुकं इतकं की समोरची इमारत आहे यावर नुसता विश्वास ठेवायचा.

आश्लेषाची सासू चित्राबाई. गुहागरच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेल्या. कर्नाटकातल्या मालपेच्या समुद्रातलं सेंट मेरी बेट, लाव्हा थंड होताना तडकून झालेले तिथले बहुकोनी दगडी खांब... हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोरांना चित्रात दाखवलं. स्वतः कधी पाहिलं नाही. नवरा गेल्यावर मुलाने, हेरंबने, त्यांना इकडे आणलं. समुद्रापासून इतक्या लांब, की मासळीसुद्धा बर्फात झोपून येते.

मग त्यांनी नातीला हाताशी धरलं. ओजू, दुसरीतली. रोज दुपारी खोलीचं दार लोटून दोघींची बेटावर जायची तयारी चालायची. खिडकी कोणाला, डब्यात काय, नावेत कुठे बसायचं. आजी मराठीत बोलायची, नात हिंदीत उत्तर द्यायची. आई-बाबांना न्यायचं नाही, हे पक्कं.

पण चित्राबाईंना विसर पडायला लागला होता. एकदा सुखना तलावावरून ओजूची टोपी घेऊन घरी आल्या.

ओजू तिथेच.

तेव्हापासून बेटाचा विषय निघाला की हेरंब-आश्लेषा त्यांना थापा मारायची. नावा बंद आहेत आई. समुद्र खवळलाय. पुढच्या महिन्यात नक्की.

डिसेंबरच्या थंडीत न्यूमोनिया झाला आणि चित्राबाई गेल्या. शेवटपर्यंत विचारत होत्या, नावा सुरू झाल्या का.

दहाव्याला घग्गर नदीच्या काठी पिंड ठेवला. झाडावर कावळे ओळीने बसलेले. एकही उतरेना. हेरंबने हात जोडून सुचेल ते कबूल केलं. गुहागरचं घर विकणार नाही. वर्षश्राद्ध चुकवणार नाही. काही नाही. सगळे काकडलेले. गुरुजी शेवटी दर्भाचा कावळा करायला बसले. आश्लेषाची ऑफिसची मीटिंग डोक्यावर आलेली.

ती पुढे झाली. "आई, ओजूला पाठवते तुमच्याबरोबर."

तोंडातले शब्द संपले नाहीत तोच... कावळा पिंडावर.

हेरंब हमसून रडला. आश्लेषाला हायसं वाटलं. जिवंतपणी जशी समजूत घालायचो तशीच घातली, असं तिला वाटलं. तिची मीटिंगही वेळेवर झाली.

तेरावं उरकल्यावर ओजू शाळेत जायला लागली. दुपारी परत आली की आजीच्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची. आश्लेषाने बाहेरून कान दिला.

"हाँ... पानी की बोतल रख ली."

मग शांतता. कोणीतरी बोलत असावं, इतका वेळ.

"नहीं... मम्मी को नहीं बताऊँगी."

आश्लेषाने दार उघडलं. आत ओजू एकटी. पलंगाच्या कडेवर बसलेली, रिकाम्या उशीकडे तोंड करून. तिचे मोजे ओले होते. घरात कुठे पाणी सांडलेलं नव्हतं. वाळल्यावर मोज्यांवर पांढरे ओघळ उमटले.

आश्लेषाने बोट फिरवून जिभेला लावलं.

खारट.

हेरंब म्हणाला, पोरीला आजीची आठवण येते. आश्लेषानेही तसंच मानायचं ठरवलं. मानलं की स्वयंपाक करता येतो, झोपता येतं.

मग एक दिवस ती बसवर घ्यायला खाली गेली, तर ओजू नव्हती. गेटवरचा गार्ड म्हणाला, बच्ची तो कब की गई मॅडमजी, हाथ पकड़ के. कोणाचा हात, ते मात्र त्याला सांगता येईना.

ती धुक्यात धावली. मोठ्या रस्त्याच्या अगदी कडेला ओजू उभी होती. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. पोरीचा उजवा हात डोक्याच्याही वर उचललेला... शेजारी कोणी नाही... आणि बोटं आवळल्यासारखी पांढरीफटक.

आश्लेषाने डावा हात धरून ओढलं.

पलीकडूनही कोणीतरी ओढलं.

"मम्मी, छोड़ो ना," ओजू वैतागून म्हणाली. "आजी कहती है नाव चालू है. आपने झूठ बोला था."

आश्लेषाने तिला कवेत उचलून घरी आणलं. कुलूप लावलं. दहीभाताची मूद घेऊन एकटीच गच्चीवर गेली. कठड्यावर ठेवली, हात जोडले.

माझा शब्द परत घेते, ती म्हणाली. चूक झाली.

शेजारच्या गच्चीवर कोणाच्या तरी चपात्यांवर कावळे तुटून पडले होते. इकडे एकाने मान वळवली नाही.

मला न्या, ती म्हणाली.

तेही नाही. सासूला जन्मात कधी तिची सोबत आवडली नव्हती, आता काय आवडणार.

आणि मग तिला जिन्यातून आवाज आला. बुटांचा. लहान पावलं, एकेक पायरी... खाली जाणारी. कुलपाची किल्ली तिच्या मुठीत होती.

पळत जाऊन पोरीला किती दिवस पकडत राहणार?

तिने डोळे मिटले. "मग तुमच्या मुलाला न्या."

पंखांचा वारा तोंडावर आला. डोळे उघडले तेव्हा कठड्यावर शीतसुद्धा उरलं नव्हतं.

जिन्यातली पावलं थांबली होती.

घरी कुलूप जसंच्या तसं. ओजू आत टीव्ही बघत बसलेली. भूक लगी है, म्हणाली. आजीचं नाव तिने त्यानंतर आजतागायत काढलेलं नाही.

त्या संध्याकाळी हेरंब ऑफिसातून आला तो हसतच. आईचं ते बेट एकदा बघून यावं म्हणतोय, म्हणाला. एकटाच. गुहागरात जन्मूनही पाण्यात कधी न उतरलेला माणूस.

आता दुपारी घरून काम असलं की तो आईच्या खोलीत बसतो. दार लोटलेलं असतं.

"हो आई... खिडकी मला."

मग शांतता.

"नाही, तिला नाही आणत."

उद्या सकाळी त्याचं विमान आहे. त्याला थांबवायचं तर आश्लेषाने गच्चीवर जाऊन एवढंच म्हणायचं आहे, की पहिलाच शब्द खरा. मग जिन्यात पुन्हा कोणाचे बूट वाजतील, ते तिला ठाऊक आहे.

तिने त्याची बॅग भरून ठेवली आहे.

उठताना तिने मला विचारलं, "नावेत गार वारा असतो का गं? त्याला स्वेटर देऊ?"

हेरंब रोज येता-जाता माझ्याशी दोन शब्द बोलतो. अजून रात्र पडायची आहे, आणि त्याला सांगावं की नाही, हे मला कळत नाही.