उसनं पाणी

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. माझ्या मेव्हण्यानं सांगितलं तसं सांगतोय. त्याच्या दोस्ताला मी वेगळं बसवून विचारलं होतं. दोघांच्या बोलण्यात केसाचाही फरक निघाला नाही, आणि तिथंच माझी झोप उडाली.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे. नोव्हेंबरातला शनिवार, वेळ अडीचची. अर्जेंटिनातल्या एन्त्रे रिओसमधलं आमचं गाव त्या वेळेला मेल्यासारखं पडलेलं असतं. दारं बंद, खिडक्या बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. लहानपणी आम्हाला दटावायचे, या झोपेच्या वेळी उन्हात हिंडू नका, सोलापा नावाचा बागुलबुवा उचलून नेईल. आम्ही फिदीफिदी हसायचो.

आता मी नाही हसत.

माझा मेव्हणा एल्बिओ कोंबड्यांच्या खाद्याच्या गिरणीत कामाला. माणूस सरळ, पण गाडीच्या बाबतीत ठार वेडा. त्याची जुनी करडी गाडी, तिला तो तोर्कासा म्हणायचा, म्हणजे होला. होल्याच्या रंगाची म्हणून. दुसऱ्या दिवशी रविवारी शर्यतीचं मैदान हौशी लोकांना मोकळं होतं. ज्यानं त्यानं आपापली गाडी आणायची आणि हौस फिटेपर्यंत पळवायची. एल्बिओनं त्यासाठी वर्षभर वाट पाहिली होती.

पण घरात वेगळंच चाललं होतं.

माझी बहीण ग्रिसेल्दा बाळंतीण. ब्रिसा अडीच महिन्यांची. आणि सोमवारपासून ग्रिसेल्दाचं दूध आटत चाललं होतं. का, ते कुणालाच कळेना. डब्याचं दूध पोर ओकून टाकायची. चार दिवसांत तिचं वजन इतकं उतरलं की डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, सोमवारी काटा वर गेला नाही तर पारानाच्या इस्पितळात भरती करा.

"घरात पोर उपाशी, आणि तू त्या डोंबलाच्या गाडीला न्हाऊ घाल!" ग्रिसेल्दा दारातून म्हणाली.

"अगं, हाताला काही काम नसलं तर वेड लागेल मला," एल्बिओ म्हणाला. ते खरंच होतं. आतलं रडणं त्याला ऐकवत नव्हतं.

अंगणात विटांची फरशी. तिथं त्यानं गाडी लावली. बादली भरली, साबण घातला आणि फडकं आणायला आत गेला. अर्ध्या मिनिटात परत आला.

बादली... रिकामी.

सांडली म्हणावं तर विटा ठणठणीत कोरड्या. कुत्र्यानं प्यायली म्हणावं तर कुत्रं फाटकाबाहेर, पार रस्त्याच्या पलीकडे बसलेलं. एरवी गाडीखाली झोपणारं ते कुत्रं आज हाक मारली तरी आत येईना.

'ऊन आहे बाबा,' एल्बिओनं मनाची समजूत घातली. त्यानं पुन्हा बादली भरली. स्पंज बुडवून छतावर फिरवला, आणि छताच्या टोकाला पोचेपर्यंत स्पंज हातात खडखडीत वाळला होता. साबणाचा फेस गाडीवर दिसायचा आणि दिसता दिसता नाहीसा व्हायचा. पाणी खाली गळतच नव्हतं.

जसं कुणी पिऊन टाकत होतं.

धुणं त्यानं तसंच सोडलं आणि गाडी रिकामी करायला घेतली. मैदानावर एक नियम सगळ्यांत कडक असतो. गाडीत सुटी वस्तू नको. वेगात वळलं की साधा पानाही डोक्यात बसतो. त्यानं स्टेपनी काढली, जॅक काढला, पायपुसणी, नाणी, पेन, ब्रिसाचा खुळखुळा, सगळं विटांवर ओळीनं मांडलं. हात घालून कोपरा न् कोपरा चाचपला. मग शॉकअप बघायला गाडीचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला.

गाडी डुलली.

आत काहीतरी घरंगळलं... आणि डाव्या दारावर आपटलं.

त्यानं पुन्हा आत पाहिलं. काही नाही. पुन्हा गाडी डुलवली. पुन्हा तेच घरंगळणं, आणि या वेळी त्याच्यासोबत आणखी एक आवाज. पाणी हिंदकळल्याचा.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि एल्बिओ दोन फूट उडाला.

"काय रे, भूत पाहिलंस की काय?" रुसो होता. व्होल्गावरून आलेल्या जर्मन लोकांचा नातू, गावचा मेकॅनिक. अशा सगळ्यांनाच आमच्याकडे रुसो, म्हणजे रशियन, म्हणतात. काखेत थर्मास, हातात माते नावाच्या कडू चहाचा भोपळा. "उद्या या रेड्याला पळवायचंय ना? म्हटलं, ब्रेक बघून टाकू."

"रुसो, जरा ऐक."

एल्बिओनं गाडी डुलवली. रुसोनं ऐकलं. त्याचं हसू मावळलं.

"मागच्या सीटखाली आहे," तो म्हणाला. दोघांनी बोल्ट सोडून सीट उचललं.

खाली प्लास्टिकची बाटली होती. दीड लिटरची. गळ्याला निळी लोकर बांधलेली, पोटावर चिकटपट्टीखाली एक कागद. बूच घट्ट बसलेलं, आणि आत थेंबसुद्धा नाही.

"हात्तिच्या!" एल्बिओनं सुटकेचा श्वास सोडला. "ही तर मागच्या रविवारची. टायर घेऊन येताना गाडी तापली. दिफुन्ताच्या देवळीपाशी बंद पडली, म्हणून तिथली एक बाटली रेडिएटरमधे ओतली. रिकामी मागं फेकली असणार."

दिफुन्ता कोर्रेआ म्हणजे वाळवंटात तहानेनं गेलेली ती बाई. ती गेली, पण छातीशी धरलेलं बाळ तिचं दूध पीत जिवंत सापडलं. म्हणून रस्तोरस्ती तिच्या देवळ्या आहेत आणि लोक तिथं पाण्यानं भरलेल्या बाटल्या ठेवतात. गाडी तापली, घशाला कोरड पडली, तर त्यातली घ्यायला कुणाची ना नाही. फक्त एकीच्या दोन करून परत ठेवायच्या. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

"परत ठेवल्यास ना?" रुसोनं विचारलं.

एल्बिओ सुटे बोल्ट गोळा करायला लागला.

"एल्बिओ... ठेवल्यास ना?"

"अरे, जाणारच होतो. मग सोमवारी ग्रिसेल्दाचं हे सुरू झालं, आणि राहूनच गेलं."

बोलता बोलता त्याचं त्यालाच ऐकू आलं, आपण काय बोललो ते.

सोमवारी.

रुसोनं बाटली उचलली. लोकर बोटांनी बाजूला केली. चिकटपट्टीखालचा कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "गाढवा, हे नुसतं पाणी नव्हतं. नवस होता कुणाचा तरी. लोकर बांधलेलीला हात लावायचा नसतो, एवढंही कळलं नाही तुला?"

"काय लिहिलंय?"

"'दिफुन्ता, तुझं बाळ जगलं तसं माझंही जगू दे. लाउतारो, चार महिने.'"

कुणाच्या तरी लेकराचा नवस एल्बिओनं गाडीच्या घशात ओतला होता.

रुसोनं कागद काढून मुठीत घेतला आणि बोनेट उघडलं. रेडिएटरचं झाकण काढलं. सकाळीच काठोकाठ भरलेला रेडिएटर... कोरडा. काच पुसायच्या पाण्याची टाकी कोरडी. ब्रेक ऑइलची डबी, तीही कोरडी. खाली कुठं गळती नाही, डाग नाही. रुसोनं आत वाकून ब्रेक हातानं दाबला. तो सरळ जमिनीला टेकला.

"उद्या पहिल्याच वळणावर तू भिंतीत गेला असतास," तो हळूच म्हणाला.

आणि तेव्हा तो आवाज आला.

चुक्... चुक्... चुक्...

रिकाम्या गाडीतून. जिथून नुकतंच सीट काढलं होतं, तिथून. घरात तान्हं मूल असलेल्या माणसाला तो आवाज ओळखायला वेळ लागत नाही. भुकेलं बाळ दूध लागत नसतानाही ओढत राहतं ना, तसा.



घरात ब्रिसा किंचाळून रडायला लागली. दार उघडलं. ग्रिसेल्दा बाहेर आली, अनवाणी. तापलेल्या विटांवर उभी राहिली तरी तिला चटका जाणवला नाही. आत पोटची पोर टाहो फोडतेय आणि हिची नजर गाडीवर.

"कुणाचं रे ते?" तिनं विचारलं.

"काय कुणाचं?"

"गाडीतलं बाळ. केव्हाचं भुकेलंय."

ती चालायला लागली. चालता चालता झग्याची बटणं सोडू लागली. एल्बिओनं धावत जाऊन तिला कवळ्यात धरलं. "ग्रिसेल्दा! अगं, कुणी नाही गाडीत! बघ तरी!"

"सोड मला," ती रडवेली होऊन म्हणाली. "चार महिन्यांचा तर आहे तो. त्याला काय कळतंय?"

चार महिने. हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. कागद अजून रुसोच्या मुठीत होता.

एल्बिओनं तिला ओढत घरात नेलं आणि मला फोन केला. मी दोन घरं सोडून राहतो. उघड्या अंगानं धावत आलो. त्यानं ग्रिसेल्दाला आणि ब्रिसाला माझ्यावर सोपवलं. "काही झालं तरी तिला बाहेर सोडू नकोस," एवढंच म्हणाला. मग नळावर ती बाटली भरली, आणखी दोन भरल्या आणि दोघं रुसोच्या गाडीतून सुसाट निघाले.

देवळी अठरा किलोमीटरवर. एल्बिओनं ती लोकरीची बाटली मांडीत धरली होती. बुचावर तळहात दाबून. पाचव्या किलोमीटरला त्यानं खाली पाहिलं.

पाणी अर्ध्यावर आलं होतं.

"रुसो, हाण!"

"हाणतोयच की!"

दहाव्या किलोमीटरला चार बोटं राहिलं. मांडी कोरडी, हात कोरडा, बूच बंद. आणि तळहाताखाली बाटलीचं प्लास्टिक आत-बाहेर, आत-बाहेर होत होतं. एल्बिओ मोठा माणूस, पण तो ढसाढसा रडायला लागला. "चुकलो रे बाळा," तो बाटलीला म्हणत होता. "माझ्या पोरीचं नको पिऊस. हे सगळं तुझंच आहे, पी."

देवळीपाशी पोचले तेव्हा तळाशी घोटभर उरलं होतं. त्यानं एका बाटलीतलं पाणी तिच्यात ओतून ती भरली, होती तिथं ठेवली, दुसरी भरलेली तिच्या शेजारी मांडली आणि गुडघ्यावर बसला. किती वेळ, त्यालाही माहीत नाही. रुसो म्हणतो, पावणेचार वाजले होते, कारण त्याच वेळी त्यानं घड्याळ पाहिलं. पाणी थांबलं होतं.

इकडे काय झालं, ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं. ग्रिसेल्दा खाटेवर बसून बंद खिडकीकडे बघत होती. ब्रिसा रडून रडून निपचित पडलेली. मी पोरीच्या छातीवर हात ठेवून तिचा श्वास चाचपत होतो आणि मला माहीत असलेल्या सगळ्या प्रार्थना म्हणत होतो. एकदम ग्रिसेल्दानं मान वळवली. "झोपला," ती म्हणाली. आणि तिच्या झग्याचा पुढचा भाग भिजायला लागला.

मी ब्रिसाला तिच्या कुशीत दिलं. पोरीनं जे तोंड लावलं, ते अर्धा तास काढलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला पंधरा मिनिटं कमी होती.

सोमवारी काटा वर गेला. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी.

एल्बिओ मैदानावर गेला नाही. त्या रविवारी नाही आणि नंतरही नाही. रुसोनं गाडीचा प्रत्येक पाइप उघडून पाहिला, पण गळती सापडली नाही. तोर्कासा अजून छपरीत उभी आहे, मागचं सीट नसलेली. ना कुणी विकायचं नाव काढत, ना कुणी आत बसत.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण मला गप्प बसवेना. दोन आठवड्यांनी मी एकटाच देवळीपाशी गेलो. समोर एक बाई झाडाखाली तोर्ता फ्रिता, म्हणजे मैद्याच्या जाड पुऱ्या, तळून विकते. मी तिला निळ्या लोकरीबद्दल विचारलं. तिनं कढईखालची आच कमी केली.

"ती होय? पलीकडच्या मळ्यातली पोरगी," ती म्हणाली. "पहिलटकरीण. बाळाच्या अंगी काही लागायचं नाही. दर रविवारी यायची बिचारी, जुनं पाणी झाडाला घालायची, ताजं भरून जायची. डॉक्टरांनी तर आधीच हात टेकले होते."

"आता?"

"आता कशाला येईल? गेलं ना लेकरू. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला."

एल्बिओनं ती बाटली उचलली तो रविवार तोच. त्याची गाडी बंद पडली पाच वाजता.

आजारी होतं ते बाळ. मी हे स्वतःला रोज सांगतो. डॉक्टरांनी हात टेकले होते, नवसाच्या पाण्यानं कुणी जगत नाही आणि मरतही नाही. सगळं पटतं मला. पण त्या दिवशी निघताना मी ती बाटली हातात घेऊन पाहिली. बूच घट्ट होतं. तळ कोरडा होता.

मी ती भरली. पुढच्या रविवारी जाऊन पाहिलं, तर पुन्हा कोरडी.

याला आता दहा वर्षं झाली. एल्बिओला मी यातलं काही सांगितलेलं नाही, आणि माझ्या तोंडून ते कधी निघणारही नाही. रुसोलाही नाही. ब्रिसा आता चांगली उंच झालीय आणि बापाशी भांडते.

"दर रविवारी कुठं कडमडतोस रे?" एल्बिओ मला विचारतो.

"मासे धरायला."

"भल्या माणसा, दहा वर्षांत एक मासा आणला नाहीस घरी!"

"लागत नाहीत," मी म्हणतो, आणि रिकाम्या कॅनला नळाखाली धरतो.