लाल गाडीची उपकारस्तुती

विठा घाटातल्या तिसऱ्या वळणावर एक लालभडक स्पोर्ट्स कार कडेला उभी होती. तिच्या पुढच्या चाकांतून धूर निघत होता, आणि एक उंच, सावळा तरुण पाण्याचा भलामोठा जार कवेत धरून तिच्याकडे पळत निघाला होता. ग्लोरियानं एसटी थांबवली ती गाडी बघून नव्हे, तो जार बघून.

"पाणी टाकू नका त्याच्यावर," खिडकीतून डोकं काढून ती म्हणाली. "ब्रेकची डिस्क वाकडी होईल."

तो जागीच थबकला. जारातलं बरंचसं पाणी त्याच्याच बुटांवर सांडलं.

ग्लोरिया शिरसाठ म्हणजे अकोले डेपोतली ड्रायव्हर. तिचे वडील जेम्स यांनी तीस वर्षं एसटी चालवली आणि निवृत्तीच्या दिवशी ते नगरच्या घरी खाकी शर्टाची घडी लेकीच्या हातात ठेवून म्हणाले, आता तू बघ. तर ती बघत होती. तरुणाचं नाव दानीएल पारखे. तोही नगरचाच, भिंगारचा. त्याच्या वडिलांनी जन्मभर ट्रॅक्टरनं कारखान्याला ऊस ओढला, आणि चढउतारावर काही तापलं की ओत पाणी, हे बाळकडू त्याला तिथलंच मिळालेलं. कोटीच्या गाडीला तो ट्रॅक्टरचं औषध पाजायला निघाला होता.

गाडी मच्छिंद्रशेटची. शेट ती लग्नाला आणि लग्नाआधीच्या फोटोंना भाड्यानं द्यायचे. आज एका जोडप्यासाठी दानीएल सकाळपासून बारा वेळा घाट चढला आणि बारा वेळा उतरला होता, कारण वरून फिरणाऱ्या ड्रोनला दर वेळी नवरीचे केस नीट दिसत नव्हते. बाराव्या उतरणीला ब्रेकचं पेडल मऊ पडलं, पाय खोल जायला लागला, आणि गाडी कशीबशी कडेच्या मुरमात थांबली.

"कुठल्या गिअरात उतरत होता?" खाली उतरून ग्लोरियानं विचारलं.

"गिअर... ऑटोमॅटिक आहे ना. तिचं ती बघते."

"आणि ब्रेक?"

"ते मी बघतो."

एसटीतली माणसं हसली. तोही हसला, पण जार त्यानं अजून छातीशी घट्ट धरला होता. ते ग्लोरियाला दिसलं आणि मग तिनं आवाज खाली आणला. तिनं गाडीत डोकावून पाहिलं. स्टिअरिंगच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक पट्टी होती, डावीवर वजाची खूण, उजवीवर अधिकची. हे काय, असं तिनं विचारलं, तर ती पॅडल होती. डावं ओढलं की गिअर खाली, उजवं ओढलं की वर. पण शेटची सक्त ताकीद होती, त्यांना हात लावायचा नाही, गाडीला सगळं कळतं.

"गाडीला पुढचं वळण दिसतं का?" ग्लोरियानं विचारलं.

दानीएलनं वळणाकडे पाहिलं.

"तिला फक्त तुमचा पाय कळतो. पाय उचलला की तिला वाटतं रस्ता सोपा आहे, ती वरचा गिअर टाकते, आणि सगळा भार येतो ब्रेकवर. आमचे पप्पा म्हणतात, ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर. तासभर थांबा, चाकं निवू द्या. मग डावं ओढून दुसऱ्यात आणा आणि सावकाश उतरा."

मागून कंडक्टर भिमाजींनी घंटी वाजवली. "म्याडम, लई टाइम झाला. मला डेपोत बोलनी खायची न्हाईत."

नवरा-नवरीही एसटीतच चढले. नवरीच्या झग्याचा घेर तीन सीटांवर पसरला, आणि भिमाजींनी तिला बायकांचं अर्धं तिकीट फाडून दिलं.

अकोल्याच्या स्टँडवर पोचल्यावर ग्लोरियानं एक चहा घेतला, मग दुसरा घेतला. तिची नजर राजूरकडच्या रस्त्यावर होती. आपण कोणाची वाट बघतोय हे ती स्वतःशीही कबूल करत नव्हती. दीड तासानं लाल गाडी स्टँडच्या दारात आली. दानीएल उतरला आणि सरळ तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"उतरलो," तो म्हणाला. "दुसऱ्यातच. ब्रेकला जवळजवळ पायच लावला नाही." मग थोडं थांबून, "तुम्ही थांबला नसता तर..."

तिनं भिमाजींना आणखी एक चहा सांगायला सांगितला.

आता आभार मानायचे तर एकदा मानावेत. पण दानीएलचं भांडं भरतच नव्हतं. पुढच्या आठवड्यात तो राजूरचे पेढे घेऊन आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात नगरला जाऊन जेम्सअंकलना भेटून आला. मग काही निमित्त उरलं नाही, तेव्हा तो दर बुधवारी नुसताच राजूरपर्यंतचं तिकीट काढून तिच्या एसटीत, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायला लागला आणि आरशातून तिच्याकडे बघायला लागला. ग्लोरिया आरसा नीट करायची. रोज करायची, पण बुधवारी जरा जास्त वेळा.

डिसेंबरात तिच्या सुट्टीच्या दिवशी तो लाल गाडी घेऊन आला. शेटच म्हणाले होते, ज्या बाईनं माझी गाडी वाचवली तिला एक चक्कर मारू दे, आणि पॅडलचं काय ते तीच शिकवू दे तुला. भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी धुकं पसरलं होतं, भाताची खाचरं कापून मोकळी झाली होती, आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

ग्लोरिया स्टिअरिंगवर बसली. शंभर पावलं गाडी लोण्यासारखी गेली. मग सवयीनं तिचा डावा पाय क्लच शोधायला निघाला, त्याला ब्रेक सापडला, आणि तो त्यानं एसटीचा क्लच दाबावा तसा पूर्ण दाबला. गाडी जागच्या जागी उभी. दानीएलचं कपाळ काचेपासून वीतभर लांब.

"ब्रेक सुधारलेत," तो गंभीरपणे म्हणाला.

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानं तिला डावा पाय मागे दुमडून बसायला लावलं, आणि वाद सुरू झाला. त्याचं म्हणणं, पुण्याच्या गर्दीत मिनिटाला दहा वेळा गिअर बदलायचा तर माणूस वेडा होईल, तिथं गाडीनं स्वतःचं स्वतः केलं तर बिघडलं काय. तिचं म्हणणं, सपाटीला खुशाल करू दे, पण वळण आलं की नाही. तिनं दोन्ही करून पाहिलं. ऑटोमॅटिकवर वळणाच्या तोंडाशी पाय उचलला तर गाडीनं हळूच वरचा गिअर टाकला आणि ती पुढं ओढत गेली. मग दानीएलनं तिच्या बोटांवर बोटं ठेवली आणि डावं पॅडल ओढलं. टक्. इंजिन गुरगुरलं, गाडी रस्त्याला चिकटून वळली.

"आता?" त्यानं विचारलं.

"आता बरं वाटतंय," ती म्हणाली. पॅडल ओढून झालं होतं, तरी बोटं तिथंच होती.

त्या दिवसापासून ती त्याला अरे-तुरे करायला लागली.

जानेवारीत एका बुधवारी तो आरशात बघत नव्हता. राजूरला उतरल्यावर त्यानं सांगितलं, कल्याणमामांनी कुवेतला नोकरी लावलीय, मोठ्या घरातल्या गाड्या चालवायच्या, व्हिसाही आला. दोन वर्षं. येत्या रविवारी आईनं घरी उपकारस्तुती ठेवलीय, तू आणि घरच्यांनी यायचं.

"तुला जायचंय?" ग्लोरियानं विचारलं.

"मामांनी सगळं ठरवलंय... आईनं माणसांनाही सांगितलंय."

"मी मामांचं विचारलं नाही."

तो चपलेनं माती उकरत राहिला. ग्लोरियाला संताप आला, आणि संतापाच्या खाली रडू होतं. जाऊ नकोस, हे दोन शब्द तिच्या ओठावर होते. पण दोन वर्षांनी कधी पैशाची ओढाताण झाली, की याला वाटेल, हिच्यासाठी थांबलो. ज्याचा रस्ता त्यानं चालावा. शिवाय त्यानं तोंडानं कधी काही म्हटलंही नव्हतं. ती एसटीत चढली आणि तिनं त्या दिवशी आरसा मुळीच नीट केला नाही.

उपकारस्तुती म्हणजे ख्रिस्ती घरातला आनंदाचा दिवस. आजारातून कोणी उठलं, परीक्षा पास झालं, नोकरी लागली, की चर्चच्या पाळकसाहेबांना बोलवायचं, गीतं म्हणायची, आणि ज्याच्यावर कृपा झाली त्यानं उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. साक्ष चालू असताना मध्ये कोणी बोलत नाही. रविवारी भिंगारच्या त्या छोट्या घरात अंगणापर्यंत सतरंज्या होत्या. दानीएलची आई मरियाबाई सगळ्यांना हसून बसवत होती, पण तिचे डोळे सुजलेले होते. ग्लोरिया आईवडिलांमध्ये बसली होती. गीतं झाली, बायबलमधलं वचन वाचून झालं, आणि पाळकसाहेबांनी दानीएलला उभं केलं.

त्यानं आधी आईकडे पाहिलं. मग म्हणाला, "घाटात देवानं मला वाचवलं, त्याचे आभार आधी मानतो. तेव्हा तिथं त्यानं कोणाला पाठवलं हे जेम्सअंकलना माहीत आहे." तो पुढे म्हणाला, "व्हिसासाठी मात्र मला आभार मानता येत नाहीत. आई, मी तुला आधी सांगायला पाहिजे होतं. सकाळी मामांना फोन केला. मी जाणार नाही. शेट भंडारदऱ्याला दोन गाड्या ठेवतायत, त्या मी सांभाळणार आहे."

मरियाबाईचा हात तोंडावर गेला.

"माझं सगळं आजवर दुसऱ्यांनी ठरवलं. चांगलंच ठरवलं, तक्रार नाही. पण एक गोष्ट मला स्वतः मागायचीय. ग्लोरिया... माझं तुझ्यावर प्रेम आहे. माझ्याशी लग्न करशील?"

एवढं बोलून तो मटकन खाली बसला. अंगणात इतकी शांतता झाली की आतल्या कढईतलं तेल तडतडताना ऐकू येत होतं. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं विचारलं, "आणखी कोणाला साक्ष द्यायची आहे का?"

उपकारस्तुतीत आजवर कधी साक्ष न दिलेली ग्लोरिया उभी राहिली. आईनं तिची ओढणी धरली, जेम्सनी आईचा हात धरला.

"मला द्यायचीय," ती म्हणाली. "गेले चार दिवस मी देवाकडे एकच मागत होते. ह्यानं राहावं असं नाही मागितलं. ह्याला काय हवं ते ह्यानं स्वतः बोलावं, एवढंच. आज तो बोलला. मी देवाचे आभार मानते. आणि... हो."

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले.

"आमेन," सगळं अंगण म्हणालं. मरियाबाईही म्हणाली. म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण कशाला आमेन म्हटलं, आणि ती पदरात तोंड घालून रडायला लागली. दानीएल घाबरून तिच्याजवळ गेला.

"मला तरी कुठं तुला पाठवायचं हुतं रे," ती हुंदक्यात म्हणाली. "पन भावाला न्हाई कसं म्हनायचं, म्हून गप बसले." तिनं डोळे पुसले, पदर कमरेला खोचला आणि ग्लोरियाकडे वळली.

"ये बाई आत. मानसं जेवायची हायेत, आन् पुऱ्या लाटायला हात कमी पडत्यात."