खालून दोन ठोके

डब्याच्या मागच्या टोकाचा संडास सकाळपासून तुंबला होता आणि पुढच्या संडासापुढे रांग लागली होती. डबा सांभाळणाऱ्या रिम्माला त्यात नवल नव्हतं. गाडी सैबेरियातलं चिता शहर मागे टाकून पूर्वेकडे लागली की हिवाळ्यात हे व्हायचंच. बाहेर उणे सत्तेचाळीस. जुन्या डब्यातलं संडासाचं नळकांडं सरळ खाली रुळांवर उघडतं. त्याच्या तोंडाशी घाण गोठते, थरावर थर चढतो आणि शेवटी आत दगड होऊन बसतो. मग त्याला औषध एकच. किटलीभर उकळतं पाणी, मूठभर मीठ आणि पहार.

रांगेतली एक म्हातारी शाल सावरत ओरडली, "पोरी, उघड की तो दुसरा! माझ्या पोटात काही बर्फ होत नाही गं!"

"कळ काढा, आजी. चहाचे एवढे पेले ढोसायला कुणी सांगितलं होतं?"

"तूच आणून दिलेस की!"

रिम्मा हसली नाही. तिने कोपऱ्यातल्या बंबातून किटली भरली, पहार काखेत मारली आणि मागच्या संडासात शिरून दार लावून घेतलं.

ही पहार तोमाची. डबा दोघींचा, पाळी आलटून पालटून. एक जागायची तेव्हा दुसरी झोपायची. तोमाचं तोंड म्हणजे गटार. देवाचं नावही ती शिवी जोडल्याशिवाय घेत नसे. पण रिम्माच्या नवऱ्याने दारूच्या नशेत रिम्माचा हात मोडला, तेव्हा शेजारपाजारचे दारं लावून बसले होते आणि ही बाई घरात घुसली होती. याच पहारीने तिने त्याचं टाळकं फोडलं. नवरा मेला नाही. पण परत कधी उंबऱ्याशी आला नाही. त्या दिवसापासून रिम्माला जगात एकच माणूस होतं, आणि ते आत्ता वरच्या फळीवर घोरत होतं.

तिने पायाची कळ दाबून झडप उघडली. मीठ टाकलं. पाणी ओतलं. वाफेबरोबर असा वास उठला की डोळ्यांत पाणी आलं. गाडी भरधाव होती, खालून चाकांचा खडखडाट चालू होता. तिने पहार उचलून आत हाणली. एकदा, पुन्हा एकदा. बर्फ तसूभर हलेना.

तेवढ्यात नळकांड्यावर खालून ठोके पडले.

ठक. ठक.

रिम्माचा हात थांबला. हे ठोके त्या मार्गावर डबा सांभाळणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक. गाडी उभी असली की एक जण खाली उतरून डब्याखालून बर्फ फोडते, दुसरी वरून पाणी ओतते. खालची बाजूला झाली की नळकांड्यावर दोनदा ठोकते. 'मी सरले, ओत.' पण हे गाडी उभी असताना. धावत्या गाडीखाली कोण असणार?

"दगड उडाला असेल," ती स्वतःशीच पुटपुटली आणि पहार पुन्हा घातली.

या वेळी पहार वर येईना. अडकली म्हणावं, तर तसंही नव्हतं. कुणीतरी खालून धरली होती. रिम्माने ओढली, तसा खालून हिसका आला, असा की तिचं कपाळ समोरच्या पत्र्यावर आपटलं. तिने शिवी हासडली, ओले हातमोजे फेकून दिले आणि उघड्या हातांनी लोखंड धरलं. गारठलेल्या लोखंडाला कातडी चिकटली. खालचं ओढत होतं, वरची ओढत होती. मग एकदम पकड सुटली. पहार वर आली आणि तिच्या दोन्ही तळव्यांचं कातडं पहारीलाच चिकटून राहिलं.

गाडीचा मिस्त्री सावेली तिच्या हातांना फडकी बांधत होता. "धावत्या गाडीत ठोके? वोडका लपवून ठेवलीस आणि एकटीच प्यायलीस, रिम्माबाई."

"दोन ठोके, सावेली. नीट मोजून दोन."

त्याचा हात थांबला. त्याने दाराकडे पाहिलं, मग हळूच म्हणाला, "या डब्याला नवा रंग दिलाय, नंबर बदललाय. डबा तोच आहे. फाईनाचा."

"कोण फाईना?"

"होती एक. फार गोड बाई. तोंडात खडीसाखर. साधं मीठ मागायचं तरी 'तेवढे उपकार कर, ताई' म्हणायची. खाली बर्फ फोडत होती. दोन ठोके दिले, बाजूला झाली... आणि पहार राहिली म्हणून परत वाकली. वरचीने पाणी ओतलं. उकळतं पाणी सगळं तोंडावर. आंधळी होऊन रुळावर पडली, आणि तेवढ्यात गाडी हलली." त्याने फडक्याची गाठ मारली. "तिचं अर्धं आम्ही उचललं. अर्धं डब्याखाली गोठलं होतं, ते खरवडून काढावं लागलं."

वरच्या फळीवरून जांभई ऐकू आली. तोमा सगळं ऐकत होती. "मेल्या सावेल्या, झोपेतून उठवून भुतं काय सांगतोस? पुढच्या स्टेशनात मी उतरते खाली. बघते कोणती रांड माझी पहार धरते."

"तोमा, नको..."

"आणि संडास काय तुझा बाप उघडणार? आज रात्री पन्नासच्या खाली जाईल. पुढचाही गोठला, तर ही सगळी म्हातारी मंडळी आपल्या बिछान्यावर बसतील." तोमा खाली उतरून बूट चढवू लागली. "असं कर. मी ठोकणारच नाही. बाजूला झाले की तुला शिवी घालीन. शिवी ऐकलीस की ओत. नाहीतर थेंब सांडू नकोस."

रिम्माला हसू आलं. "शिव्या तर तू येताजाताच घालतेस."

"मग कान उघडे ठेव, टवळे!"

दुपारचे चारही वाजले नव्हते, पण उजेड मेला होता. गाडी एका आडगावच्या स्टेशनात थांबली. फलाटावर कुत्रंसुद्धा नव्हतं. तोमा गळ्याभोवती लोकरी मफलर गुंडाळून पहार घेऊन उतरली आणि डब्याखाली दिसेनाशी झाली. रिम्मा किटली घेऊन नळकांड्याशी बसली. खालून घाव ऐकू येऊ लागले. तोमाचे घाव जोरकस, रागीट. ते ऐकून तिला धीर आला.

मग घाव थांबले.

ठक. ठक.

रिम्मा नळकांड्यावर वाकली. "तोमा?"

नळकांड्यातून बर्फाचा गार श्वास वर आला.

"तोमा, शिवी घाल... घाल ना गं..."

"ओत की, ताई." आवाज तोमाचा होता. हुबेहूब तोमाचा. "मी सरले बाजूला. ओत... तेवढे उपकार कर."

रिम्माने किटली तिथेच टाकली आणि धावत सुटली. पायऱ्यांवरून तिने सरळ बर्फात उडी घेतली आणि डब्याखाली घुसली. तोमा नळकांड्याखाली गुडघ्यांवर होती, तोंड वर करून, थेट त्या तोंडाखाली. मफलरचं टोक नळकांड्यात ओढलं गेलं होतं आणि आतून पीळ बसत होता. तोमाचा चेहरा काळानिळा पडला होता. मफलर धरलेला तो हात रिम्माने पाहिला. नळकांड्यातून कोपरापर्यंत बाहेर आलेला, उकडलेल्या बटाट्यासारखं साल निघालेला.

रिम्माने जमिनीवरची पहार उचलली आणि त्या हातावर घातली. हाड मोडल्याचा आवाज झाला. तिने पुन्हा घातली. चेचलं, कुटलं, सोललेल्या तळव्यांतून रक्त गळेपर्यंत कुटलं, तोंडातून तोमाच्याच शिव्या देत. मफलर सुटला. त्याच क्षणी सबंध गाडी करकरली. गाडी हलली होती. रिम्माने तोमाचे पाय धरून तिला बाहेर खेचलं. सगळी तोमा बाहेर आली, फक्त डावा हात रुळावर राहिला होता. चाक त्यावरून गेलं. दोन बोटं तिथेच राहिली.

मागून येणाऱ्या डब्याच्या दारातून सावेलीने दोघींना वर ओढून घेतलं.

दवाखान्याचं गाव अजून लांब होतं. तोमाला खालच्या फळीवर निजवलं, हाताला घट्ट पट्टी बांधली, अंगावर होती नव्हती तेवढी घोंगडी घातली. ती ओरडली नाही, रडली नाही, छताकडे बघत पडून राहिली. रिम्माने तिच्या केसांवरून हात फिरवला. "जिवंत आहेस ना बाई, पुष्कळ झालं. बोटांचं बघू. वाटलं तर घाल मला शिव्या."

तिने चहा करून आणला. तोमाने पेला घेतला, एक घोट प्यायली आणि रिम्माकडे बघून हलकेच हसली.

"थोडी साखर देतेस का, ताई? तेवढे उपकार कर."

धक्का बसलाय, रिम्मा मनात म्हणाली. धक्क्याने माणूस काहीही बोलतं. तिने पेल्यात दोन चमचे साखर घातली.

इतक्यात ती म्हातारी दाराशी आली, तोंड वाकडं करून. "काय गं पोरी, मागच्या संडासात कुणाला कोंडलंयस? किती घाण शिव्या देतेय ती बाई! लेकरंबाळं आहेत डब्यात!"

वर आल्यावर मागच्या संडासाला रिम्माने स्वतः कुलूप घातलं होतं. तिने किल्ली फिरवली. आत कुणी नव्हतं. झडप उघडी होती आणि खाली काळोखात चाकं खडखडत होती. त्या खडखडाटातून, अगदी खालून, घसा फुटेस्तोवर कुणी ओरडत होतं.

"...टवळे! बहिरी झालीस का? मला इथे टाकून कुणाला नेलंस वर? तुझ्या नवऱ्याचं टाळकं उगाच फोडलं मी, तुझंच फोडायला हवं होतं! रिम्मे... हात गोठले गं माझे... रिम्मे, भवाने..."

'शिवी ऐकलीस की ओत.'

रिम्मा गुडघ्यांवर बसली. मागे दार किंचित वाजलं.

तोमा उभी होती, अनवाणी. पट्टी बांधलेल्या डाव्या हातात उकळत्या पाण्याची किटली होती. एवढं वजन त्या हाताने उचललं होतं, तरी पट्टीवर रक्ताचा ठिपकासुद्धा नव्हता.

"ओत ना, ताई," ती म्हणाली आणि किटली पुढे केली. "बाजूला झाली असेल ती."